१०२४ च्या पलीकडे

जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवताना काम अडले, की दोष सहसा यंत्राच्या वयाला दिला जातो. असे यंत्र मोडीत काढण्यापूर्वी एक जुनी हकिगत माहीत असावी, असे आम्हांला वाटते.

१९९० च्या दशकात लिनक्स वापरू पाहणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव येई. सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर बिनतक्रार उतरत. पण संगणक पुन्हा सुरू केला, की पडद्यावर कधी 'एल' आणि 'आय' ही दोनच अक्षरे उमटत आणि यंत्र गप्प होई. डिस्क शाबूत, लिनक्सही शाबूत. मग अडले कुठे?

याचे मूळ १९८० च्या दशकाच्या आरंभी आहे. हार्ड डिस्कमध्ये एकाच आसाभोवती फिरणाऱ्या चकत्या असतात. त्यांवरील एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळांच्या गटाला सिलिंडर म्हणतात. सिलिंडर कितवा, वाचणारे हेड कोणते आणि वर्तुळाचा तुकडा, म्हणजे सेक्टर, कितवा, हे तीन आकडे मिळून माहितीचा पत्ता होई. संगणक सुरू होताना डिस्क वाचून देणाऱ्या 'बायॉस' या प्रोग्रॅमला हा पत्ता द्यावा लागे. सिलिंडर व सेक्टर यांना मिळून १६ बिटांची जागा होती: १० सिलिंडरला, ६ सेक्टरला. दहा बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात.

तेव्हा ही सोय ऐसपैस होती. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीच्या डिस्कवर ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि प्रत्येक वर्तुळावर १७ सेक्टर होते. सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करून पाहा: सुमारे १ कोटी ६ लाख बाइट!

पुढे आलेल्या आयडीई डिस्कच्या पत्त्यात हेडसाठी फक्त ४ बिट होते, म्हणजे १६ हेड. दोन्ही नियमांतली तोकडी बाजू घेतली, तर १०२४ × १६ × ६३ × ५१२, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट एवढीच मर्यादा उरते. डिस्क याहून मोठ्या झाल्या, तेव्हा बायॉस लिहिणाऱ्यांनी युक्ती काढली. २००० सिलिंडर व १६ हेड असतील, तर १००० सिलिंडर व ३२ हेड आहेत असे सांगायचे; गुणाकार तोच राहतो. पण हेडही २५५ च्या पुढे सांगता येईनात, आणि सुमारे ८४२ कोटी बाइटवर ही युक्तीही संपली.

आता मूळ कोड्याकडे वळू. लिनक्स एकदा सुरू झाले, की ते बायॉसला न विचारता स्वतः डिस्क वाचते. म्हणून फाइली १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडेही नीट लिहिल्या जात. संगणक सुरू होताना मात्र लिनक्स स्मृतीत नसते. ते आणण्याचे काम वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला 'लिलो' हा छोटा प्रोग्रॅम करी, आणि तो बायॉसवर अवलंबून असे. त्याला लागणारी फाइल पलीकडे पडली, की तो हतबल!

लिलोने मात्र निदानाची सोय ठेवली होती. एकेक टप्पा गाठताना तो आपल्या नावाचे एकेक अक्षर छापी. 'एल' म्हणजे पहिला भाग सुरू झाला. 'आय' म्हणजे दुसरा भाग वाचून झाला, आता तो चालवायचा. तिथेच थांबला, तर डिस्कच्या पत्त्यांचा हिशेब जुळत नाही, असा संशय घ्यायचा. उपाय सोपा होता: डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा विभाग पाडायचा आणि आरंभीच्या फाइली त्यात ठेवायच्या. पुढे सेक्टरांना एकच सलग क्रमांक देण्याची पद्धत बायॉसमध्ये आली, आणि २००० च्या सुमारास लिलोही ती वापरू लागला.

डिस्कच्या विभागांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असे. सेक्टर ५१२ बाइटचाच धरला, तर ती भिंत कुठे येईल? हे गणित वर्गात जरूर घालावे. आणि यंत्र अडले, तर मुलांना आधी दोन प्रश्न विचारावेत: ते नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले? त्या क्षणी डिस्क कोण वाचत होते?