तोफगोळा लांब गेला, पण कशामुळे?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं होतं: तीच तोफ, तोच कोन, गोळा समुद्रसपाटीवर लांब जाईल की ३,००० मीटर उंचीवर? मी लगेच म्हटलं, "उंचीवर. तिथे गुरुत्वाकर्षण कमी असतं." पुढचा प्रश्न एकाच शब्दाचा होता: "किती?" मी गप्प. उत्तर बरोबर होतं, पण कारण चुकलं होतं.

हिशोब सोपा आहे. ३,००० मीटरवर गुरुत्वत्वरण सुमारे ०.०९ टक्क्यांनी घटतं. हवेची घनता मात्र जवळपास २६ टक्क्यांनी. म्हणजे गोळा लांब जातो तो मुख्यतः हवा विरळ झाल्यामुळे.

गंमत अशी की हीच गोष्ट समजायला तोफांच्या शास्त्राला शतकं लागली. १५३७ साली टार्टाग्लियाने सांगितलं की ४५ अंशांच्या कोनात मारा सर्वांत दूर जातो. १६३८ मध्ये गॅलिलिओने गोळ्याचा मार्ग पॅराबोला असल्याचं दाखवलं. फार वेगवान गोळ्याला हवा अडवते, हे त्याने स्वतःच नोंदवलं होतं. पण पुढच्या अनेकांनी पॅराबोला उचलला आणि ती अट विसरले.

गुरुत्वाकर्षण जागेनुसार बदलतं, हेही याच काळात कळलं. १६७२ मध्ये जाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. तिथे सेकंदाचा ठोका बरोबर येण्यासाठी त्याला सुमारे मीटरभराचा लंबक जेमतेम ३ मिलिमीटरने आखूड करावा लागला. विषुववृत्त ते ध्रुव हा फरक अवघा अर्धा टक्का. घड्याळाला तो जाणवतो. तोफेच्या बाबतीत हवेपुढे तो किरकोळ ठरतो.

हवेचा जोर मोजला बेंजामिन रॉबिन्सने, १७४२ मध्ये. टांगलेल्या लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती हलला त्यावरून तिचा वेग काढायचा. वेगवान गोळीवर हवेचा विरोध तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो, हे त्यातून समोर आलं.

आता १९१८. जर्मन सैन्याने सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा केला. गोळ्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे १,६०० मीटर. हवाच नसती, तर ४५ अंशांत तो २५० किलोमीटरच्याही पुढे गेला असता. मग नळी ५० अंशांहून जास्त का उचलली? कारण गोळा दाट हवेतून लवकर बाहेर काढायचा होता. तो सुमारे ४० किलोमीटर उंच जायचा. तिथे गुरुत्वत्वरण फक्त सव्वा टक्क्याने कमी, पण हवेची घनता जमिनीवरच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी! म्हणजे ४५ अंशांचा नियम चुकीचा नव्हता. तो हवा नसलेल्या जगाचा होता.

ही आकडेमोड निव्वळ कागदावरची नव्हती, हेही विसरू नका. २९ मार्च १९१८ रोजी, गुड फ्रायडेला, असाच एक गोळा सेंट-जेर्व्हे चर्चवर पडला. प्रार्थनेला जमलेल्यांपैकी ८० हून अधिक माणसं गेली.

संशोधनाच्या तयारीत असाल तर एवढी सवय लावून घ्या: कारण सुचलं की लगेच "किती?" विचारा. दोन कारणं एकाच दिशेने ओढत असतील, तर दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहा. मुलाखतीनंतर मी हे केलं तेव्हा पाच मिनिटं पुरली. आधी केलं असतं तर?