गारव्याची टोपी

औषधांचा इतिहास लिहिणारे किती मृत्यू टळले ते मोजतात; त्या औषधांनी रुग्णाकडून काय हिरावून घेतले, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. स्तनाच्या कर्करोगावरील औषधे आणि बाईचे केस यांची कथा अशीच मागे राहिली.

अ‍ॅड्रियामायसिन हे त्यांतलेच एक औषध. इटलीतील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून ते १९६०च्या दशकात निघाले आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याला हे नाव मिळाले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर ते घाव घालते. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच केसांच्या मुळांतल्याही. दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात.

यावरचा उपाय साधा होता : गारवा. औषध शिरेत जात असताना टाळू गार ठेवली, की तेथील रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचते. १९७९ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या डॉक्टरांनी बर्फाने केस राखल्याचे प्रसिद्ध केले. पण गारव्याच्या आडोशाला कर्करोगाच्या पेशी टाळूत दडून राहतील, अशी शंका निघाली. १९९० साली तेथील सरकारने, सुरक्षिततेचा पुरावा नाही म्हणून, अशा टोप्यांची विक्री थांबविली. शंका रास्त होती. तिचे निरसन करण्याची घाई मात्र फारशी कोणाला नव्हती. ‘केस काय, पुन्हा येतील!’ एवढ्यावर विषय संपे.

आमच्या एका मावशींनी हे औषध नाकारले, ते मरणाच्या भयाने नव्हे. केशवपन झालेली आजी त्यांनी लहानपणी पाहिली होती. ‘हे समोर असताना मी बोडकी होऊ?’ एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले.

इंग्लंडात हडर्सफील्डला बिअर थंड करण्याच्या धंद्यातील ग्लेन पॅक्समन यांच्या पत्नीचे केस अशाच उपचारात गेले. घरचीच विद्या त्यांनी कामी लावली. १९९७ साली त्यांचे पहिले यंत्र तेथील रुग्णालयात आले. २०१५ साली अमेरिकेने एका स्वीडिश टोपीला मान्यता दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत टोपी घातलेल्या ९५ स्त्रियांपैकी ४८ जणींचे निम्म्याहून अधिक केस टिकले. न घातलेल्या ४७ जणींपैकी एकीचेही नाही. टाळूत रोग उद्भवण्याचे प्रमाणही अत्यल्प आढळले. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही टोपीचा गुण दिसला.

यश निम्मे आहे, डोके दुखते, खर्चही होतो. मावशींनी ही टोपी घातली असती की नाही, सांगवत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला हसण्यावाचून दुसरे काही उत्तर डॉक्टरांजवळ असते.