कोंडा : एका क्षुद्ररोगाचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्या व्याधीनें कोणाचा प्राण घेतला नाहीं, कोणतें राज्य बुडविलें नाहीं, आणि तरीहि जी सहस्रावधि वर्षें मनुष्याच्या डोक्यावर ठाण मांडून बसली आहे, तिलाहि इतिहास असतो. डोक्यांतील कोंडा ही अशीच एक व्याधि होय. तिचें नांव ठेवण्यास लोकांना फारसा विचार करावा लागला नाहीं. तिचें कारण सांगतांना मात्र एका पिढीचें दुसरीशीं क्वचितच जमलें.

प्रथम नांवाचेंच पाहूं. धान्य कांडून पाखडलें म्हणजे जी टरफलें उरतात तो कोंडा. तोच शब्द आपण डोक्यांतून गळणाऱ्या खपल्यांना लावला. ग्रीक भाषेंत 'पितुरोन्' म्हणजे धान्याचा कोंडा, आणि त्यावरूनच ग्रीक वैद्यांनीं या रोगास 'पितुरिआसिस्' म्हटलें. लॅटिनमधील 'फुर्फुर' या शब्दाचा अर्थहि तोच. एकमेकांना न विचारतां या निरनिराळ्या लोकांना एकच उपमा सुचली, याचें नवल नको. सूप आणि चाळण कोणत्या घरीं नव्हती?

संस्कृत वैद्यांनीं मात्र नांव खपलीवरून न देतां कातडीवरून दिलें. सुश्रुतसंहितेंत या रोगास 'दारुणक' म्हटलें असून त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. कफ व वात यांच्या प्रकोपानें केशभूमि कठीण व रुक्ष होते, तिला कंडू सुटते आणि ती फुटूं लागते, असें त्याचें लक्षण. वाग्भटानें त्यांत केंस गळणें व बधिरता यांची भर घातली. सुश्रुताची चिकित्सा मोठी जय्यत आहे : स्नेहन व स्वेदन करून शिरावेध, मग नस्य, शिरोबस्ति, अभ्यंग, आणि शेवटीं कोद्रवाच्या, म्हणजे आपल्या हरिकाच्या, गवताच्या राखेचें क्षारजल काढून त्यानें डोकें धुणें. यांतील तेल आपल्या घरांत टिकलें. क्षारजल विस्मृतींत गेलें. त्याची जागा शिकेकाई-रिठ्यानें घेतली खरी, पण न्हाणें आठवड्याचें राहिलें आणि तेल रोजचें झालें. या गोष्टीकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानेंहि या रोगाचें वर्णन केलें आहे. तो बहुधा डोक्यांत, क्वचित् दाढींत आणि कधीं कधीं भुंवयांत होतो, हें त्याचें निरीक्षण आजच्या डॉक्टरांनाहि मान्य व्हावें इतकें चोख आहे. परंतु त्याचें अनुमान पहा ! शरीरांतील दोष अधिक नाजूक जागीं जाण्यापेक्षां डोक्याच्या पृष्ठभागावर उमटलेला बरा; म्हणून कोंडा अगदीं दाबून टाकूं नये, वरचेवर फणीनें विंचरून काढावा !

सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावर दोषांच्या जागीं जंतु आले. १८७३ सालीं रिव्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञास त्वचेच्या खपल्यांत किण्वासारख्या वाटोळ्या पेशी दिसल्या. १८७४ सालीं पॅरिसच्या मालासे यानें तशाच पेशी डोक्यांतील कोंड्यांत दाखविल्या. आज या बुरशीच्या कुळास त्याच्याच नांवावरून 'मालासेझिया' म्हणतात. या शोधांत हिंदुस्थानचाहि वांटा आहे. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांतील ॲक्टन व गणपति पांजा यांनीं १९२७ सालीं हीच बुरशी कोंड्याचें कारण होय असें प्रतिपादन केलें. १९३९ सालीं अमेरिकेंतील ऱ्होडा बेनहॅम या विदुषीनें दाखविलें कीं, स्निग्ध पदार्थ मिळाल्यावांचून ही बुरशी वाढत नाहीं.

शास्त्राच्या पाठोपाठ बाजारहि आला. १९३० नंतरच्या काळांत अमेरिकेंत लिस्टरीनच्या जाहिराती कोंड्याला 'सांसर्गिक' ठरवूं लागल्या. वास्तविक ही बुरशी प्रौढ मनुष्यांपैकीं बहुतेक सर्वांच्या डोक्यावर वस्तीस असते, आणि कोंडा एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. पण भय विकलें कीं बाटलीहि विकली जाते.

मग प्रश्न असा कीं, बुरशी सर्वांपाशीं आणि कोंडा कांहींनाच, हें कसें ? याच शंकेनें १९७६ सालीं क्लिग्मन व त्याचे सहकारी यांनीं जंतुवादच मोडीत काढला. खपल्या वाढतात म्हणून बुरशीला खाद्य मिळून ती वाढते. बुरशी हें कार्य आहे, कारण नव्हे, असा त्यांचा पक्ष. १९८४ सालीं शस्टर यानें उलट जबाब दिला. किटोकोनॅझोल हें बुरशीनाशक औषध दिल्यानें कोंडा जातो. शिवाय पूर्वींचीं गुणकारी औषधें पाहिलीं तर त्यांचा समान धर्म बुरशी मारणें हाच आहे. १९५१ सालचें सेलेनियम सल्फाइड आणि १९६१ सालापासून शांपूंतून विकलें जाऊं लागलेलें झिंक पायरिथिओन हीं दोन्ही त्याच जातीचीं.

वादाचा निकाल एका साध्या प्रयोगानें पुष्कळ स्पष्ट केला. ही बुरशी डोक्यावरील नैसर्गिक तेल फोडून त्यांतील कांहीं मेदाम्लें खाते व ओलेइक आम्लासारखीं मागें टाकते. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत हेंच आम्ल दोन प्रकारच्या लोकांच्या डोक्यास लाविलें. ज्यांना कोंडा होत असे त्यांच्या खपल्या सुटल्या. इतरांना कांहींच झालें नाहीं. म्हणजे बुरशी, तेल आणि ज्याची त्याची त्वचा असे तीन भागीदार मिळून ही व्याधि उभी राहते. २००७ सालीं या बुरशीच्या एका जातीची सर्व जनुकें वाचलीं गेलीं, तेव्हां मेदाम्लें स्वतः बनविण्याचें साधनच तिच्यापाशीं नाहीं असें आढळलें. ती जन्मतःच परान्नभोजी आहे.

आतां आपल्या तेलाकडे वळूं. प्रयोगशाळेंत ही बुरशी वाढवावयाची तर तिच्या अन्नावर ऑलिव्हचें तेल ओततात. कोंडा म्हणजे कोरडेपणा असें समजून आपण पोराच्या डोक्यावर रोज तेल थापतों, तेव्हां शत्रूला शिधाच पुरवीत असतों असें म्हणण्यास जागा आहे. खपल्या मऊ होऊन चिकटून राहतात आणि घटकाभर रोग गेल्यासारखा दिसतो, इतकेंच. सुश्रुताला बुरशी ठाऊक होती असा दावा मी करणार नाहीं. परंतु अभ्यंग सांगून तो थांबला नाहीं, धुणेंहि सांगून गेला, हें तेलाच्या अभिमान्यांनीं विसरूं नये.

चिवट कोंड्यावरचा आजचा उपाय थोडक्यांत असा. औषधी शांपू आठवड्यांतून दोनदां लावावा, केंसांना नव्हे तर कातडीला. तीन ते पांच मिनिटें राहूं देऊन मग धुवावा. दोन ते चार आठवडे हा क्रम ठेवावा. पुढें आठवड्यांतून एकदां तरी तो चालूं ठेवावा, कारण भागीदार तिघेहि घरांतच असल्यामुळें हा रोग परत येतो. त्याला आवरतां येतें, कायमचा घालवितां येत नाहीं. कातडी लाल झाली, चट्टे भुंवयांपर्यंत उतरले किंवा केंस पुंजक्यांनीं गळूं लागले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावें. युरोपीय संघानें झिंक पायरिथिओन १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केलें. तेव्हां औषधांचाहि इतिहास संपलेला नाहीं.

या इतिहासाचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. काळ्या कोटाच्या खांद्यावर पांढरे कण दिसले कीं आपण मनांत निकाल देतों : हा मनुष्य अस्वच्छ. वयांत आलेल्या मुलीला तर घरांतच दहा वेळां ऐकावें लागतें कीं, तुला नीट न्हातां येत नाहीं. पण हा रोग यौवनाबरोबरच वाढूं लागतो, कारण तेव्हांच डोक्यावरील तेलाच्या ग्रंथि जाग्या होतात. आणि ज्याची त्वचा हळवी त्यालाच तो छळतो. त्यांत त्या मुलीचा आळस नाहीं, कीं तिच्या आईचें दुर्लक्ष नाहीं. प्राचीनांनीं दोष दिला तो कफवाताला. रोग्याला दोष देण्याची खोड आपल्याला आहे, आणि ती कोंड्याहून जुनाट होण्यापूर्वीं सोडलेली बरी.