विमानांच्या इंधनटाक्यांतील बुरशी : धोका आणि उपाय यांचा इतिहास

पावसाळ्यात केळव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. अशा एखाद्या होडीच्या टाकीत डिझेल अर्धवट राहिले, तर रिकाम्या भागात दमट हवा शिरते, थंड पत्र्यावर तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि तेलाहून जड असलेले हे पाणी तळाशी साचते. तेल व पाणी यांच्या सीमेवर कालांतराने एक चिकट, काळपट थर धरतो. विमानांच्या टाक्यांतही हीच क्रिया घडते. परंतु होडी किनाऱ्यावर असता तिची टाकी उघडून पाहता येते, आकाशातील विमानाची येत नाही. प्रस्तुत लेखात या क्रियेचा व तिच्यावरील उपायांचा इतिहास संक्षेपाने पाहावयाचा आहे.

खनिज तेलात जीव तगत नाहीत, ही समजूत विमानविद्येच्या उदयापूर्वीच निराधार ठरली होती. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मियोशी यांनी १८९५ मध्ये बुरशीचे तंतू पॅराफिनच्या पातळ थरात शिरतात असे नोंदविले. १९१३ मध्ये डच शास्त्रज्ञ सोंगेन यांनी पेट्रोल, रॉकेल व पॅराफिन हे काही सूक्ष्मजीवांचे अन्न होऊ शकते असे दाखविले. तथापि विमानचालकांना या ज्ञानाची निकड भासली नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा विमाने पेट्रोलवर चालत. त्यांच्या टाक्या लहान असत आणि पेट्रोलमध्ये हे जीव फारसे फोफावत नसत.

जेट इंजिनाबरोबर परिस्थिती पालटली. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ सेवेत आणले, तेव्हा मुंबईच्या विमानसेवेतही रॉकेलच्या जातीच्या इंधनाचे युग सुरू झाले. हे इंधन पेट्रोलपेक्षा घट्ट असल्याने त्यात मिसळलेले पाणी सावकाश खाली बसते. शिवाय उंचावर इंधन अतिशय थंड होते आणि विमान उतरताना बाहेरची दमट हवा टाकीत ओढली जाते. पंखाचा पोकळ सांगाडा हीच टाकी असल्यामुळे कोपऱ्यांत पाणी अडून राहते. अशा ठिकाणी वाढणाऱ्या बुरशीला पूर्वी क्लॅडोस्पोरियम रेझिनी म्हणत; क्रिओसोट लावलेल्या लाकडावरून ती आधीच परिचित होती. तिचे तंतू गाळण्या तुंबवितात, इंधनमापकास चुकीचे आकडे दाखवावयास लावतात आणि त्यांच्या थराखाली निर्माण होणारी आम्ले ॲल्युमिनियम झिजवितात.

१९६० नंतरच्या दशकात गोठणप्रतिबंधक म्हणून इंधनात घातलेले एक द्रव्य बुरशीसही मारक ठरत असल्याचे आढळले. पुढे खास जंतुनाशकेही प्रचारात आली. पण पाणी काढून टाकण्याच्या कंटाळवाण्या कामाची जागा या औषधांनी घेतली नाही, घेऊही शकत नव्हती. औषध मेलेल्या बुरशीचा गाळ बाहेर काढीत नाही आणि पाणी तर तसेच ठेवते.

औषधाची मात्रा चुकल्यास काय घडते, हे २६ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनजवळील गॅटविक येथे दिसले. एका एअरबस ए-३२१ विमानाच्या टाक्यांत सूक्ष्मजीव आढळल्यामुळे, हिशेबातील चुकीने, शिफारशीच्या सुमारे ३८ पट जंतुनाशक घातले गेले होते. उड्डाण होताच इंजिने बिघडू लागली. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरविले. विमानात प्रवासी नव्हते. त्यानंतर निर्मात्याने ते जंतुनाशक विमानांसाठी पुरविणे बंद केले.

योगायोग असा की, एका महिन्याच्या आतच, २५ मार्च २०२० पासून भारतातील देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने थांबली आणि जगभर असंख्य विमाने इंधनासह उभी राहिली. नेहमीचे एक औषध नाहीसे झाले असता टाक्यांची तपासणी पूर्वीहून अगत्याची झाली. टाकीच्या तळाचा नमुना काचपात्रात घेऊन पाहणे आणि साचलेले पाणी सोडणे, हाच पुन्हा मुख्य आधार ठरला.

या इतिहासावरून असे दिसते की, बुरशी हे लक्षण आहे आणि मूळ कारण पाणी. कोकण किनाऱ्यासारख्या दमट प्रदेशात या नित्यकर्माकडे दुर्लक्ष करून केवळ औषधावर विसंबणे म्हणजे एका धोक्याऐवजी दुसरा पत्करणे होय.