मालगाड्यांच्या नकाशांतील मुंबई

मुंबईच्या आगगाडीचा इतिहास बहुधा उतारूंच्या दृष्टीनें लिहिला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु हें शहर थोर झालें तें मालाच्या बळावर. आणि त्या मालाचा मार्ग शोधावयाचा तर आम्ही म्हणतों, जुने नकाशेच उघडले पाहिजेत.

प्रथम कापूस घेऊं. कोटांतील मोकळ्या मैदानावर भरणारा कापसाचा बाजार १८४४ सालीं कुलाब्यास गेला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू होऊन लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला. इकडे १८६३ सालीं बोरघाटांतून रूळ वर चढले व देशावरील कापसास बंदरापर्यंत सलग वाट मिळाली. पुढें गुजराथेकडून येणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेही कुलाब्यापर्यंत आली. स्टेशन, कापसाचा बाजार आणि समुद्र हीं तेथें एकमेकांच्या सन्निध होतीं. रूळ त्या टोंकापर्यंत कां गेले, याचें उत्तर नकाशावरच मिळतें.

विसाव्या शतकांतील नकाशा पाहावा, तों चित्र पालटलेलें. माझगांव-शिवडीकडे समुद्र हटवून नवी जमीन काढलेली. आणि १ जानेवारी १९१५ रोजीं सुरू झालेली पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत गेलेली. जहाजांतून उतरलेला माल शहराच्या गर्दींत न शिरतां मोठ्या रेल्वेंच्या स्वाधीन व्हावा, अशी ही योजना. कापसाचा बाजारही शिवडीजवळ आला, आणि १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालें.

लहान फांटे याहूनही बोलके आहेत. कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ सालीं फांटा घातला तो शहराचा केरकचरा वाहून नेण्यासाठीं. उतारूंस तो खुला झाला १९२४ सालीं. ट्रॉम्बे ते अंधेरी हा मार्ग १९२८ सालीं निघाला आणि १९३४ सालीं मिटलाही. नकाशा नसता तर तो कधीं होता यावर कोणी सहजासहजीं विश्वास ठेवला नसता.

मात्र नकाशा रेघा दाखवितो, माणसें दाखवीत नाहीं. गांठी पाठीवर वाहणारा हमाल त्यांत कोठें नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज पेटून उडालें. त्यावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. आग विझविण्यास गेलेले ६६ जवान त्यांत होते. ज्या कापसानें शहर वाढविलें, त्याचीच ही दुसरी बाजू होय.

१९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें, तेव्हांपासून जुन्या गोदींची वर्दळ ओसरत गेली. कॉटन ग्रीन स्टेशनाचें नांव राहिलें. तेथें उतरणाऱ्या तरुणास तें कां पडलें हें बहुधा सांगतां येत नाहीं. आतां बंदराच्या जमिनीचा नवा उपयोग करण्याच्या योजना आंखल्या जात आहेत. आंखणाऱ्यांनीं आपल्या कोऱ्या कागदाखालीं हे जुने नकाशे एकदां ठेवावे, इतकेंच आमचें मागणें आहे. ती जमीन कोरी नाहीं. तीवर चार पिढ्यांच्या श्रमांच्या रेघा आहेत.