घोड्याच्या दमाने आखलेला रस्ता

१८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं, डब्लिनची संसद बंद झाली आणि आयरिश खासदारांना लंडनच्या वाऱ्या सुरू झाल्या. समुद्र ओलांडून ते वेल्सच्या टोकाला, हॉलीहेडला उतरत. पुढे स्नोडोनियाचे डोंगर. वाटा अरुंद, चढ उभे. टपालगाड्या उलटत, घोड्यांचे पाय मोडत. सर हेन्री पार्नेल या आयरिश खासदाराने नेटाने पाठपुरावा केला आणि १८१५ मध्ये काम थॉमस टेलफर्डच्या हाती आलं. आज हाच ए-५ रस्ता.

माझी नोकरी घाटरस्त्यांवर गेली. टेलफर्डचं नाव कॉलेजात सोलिंगच्या धड्यात भेटलं होतं: तळाला मोठे दगड हाताने रचायचे, फटींत कपच्या ठोकायच्या, वर अडीच इंची कडीतून निघेल एवढीच खडी. त्यामुळे हा रस्ता पाहायला वेल्समधल्या लँगॉलनहून निघाले तेव्हा हिरव्या टेकड्यांइतकंच माझं लक्ष चढाकडे होतं.

पहिला मुक्काम बेटुस-अ-कॉइड. कॉनवी नदीवर टेलफर्डचा बिडाचा पूल आहे. वॉटर्लूची लढाई झाली त्याच वर्षी ही कमान बांधली, असं कमानीवरच ओतीव अक्षरांत लिहिलंय. कोपऱ्यांत इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं थिसल, आयर्लंडचं शॅमरॉक आणि वेल्सचा लीक. चार देश एका राज्यात बांधायचे, हा रस्त्यामागचा राजकीय हेतू इथे बिडात ओतलेला दिसतो.

पण रस्त्याचं खरं मोठेपण पुढे, नांट फ्रँकनच्या दरीत. ऑग्वेन तळ्याजवळून रस्ता डोंगराच्या कुशीने उतरतो. उतार कुठेही २२ फुटांना १ फुटाहून फारसा जास्त नाही. भरलेली गाडी ओढणारा घोडा दमणार नाही, असा. त्यासाठी खडक फोडले, दरीच्या बाजूने दगडी भिंती उचलल्या. मी गाडी कडेला लावून भिंतीलगत चालत गेले. मधेमधे भिंतीत आत घेतलेले कोनाडे आहेत. दुरुस्तीची खडी त्यांत साठवत, म्हणजे ती रस्त्यावर पसरायची नाही. रस्ता बांधतानाच त्याच्या डागडुजीची जागा ठरवणारा माणूस मला फार जवळचा वाटला.

खाली बेथेस्डा. १८२० च्या चॅपलभोवती वाढलेलं आणि चॅपलचंच नाव घेतलेलं हे गाव पेन्रिनच्या स्लेटखाणीवर जगलं. खाणीच्या मालक घराण्याचा पैसा जमैकातल्या गुलामांच्या कष्टांतून, उसाच्या मळ्यांतून आलेला. १९०० ते १९०३ इथल्या कामगारांनी संप केला. ‘या घरात फितूर नाही’ अशा पाट्या खिडक्यांत लागल्या. खासदारांच्या सोयीसाठी आखलेल्या रस्त्याकडेला असाही इतिहास घडला.

मग मेनाईची सामुद्रधुनी. पूल होण्याआधी पलीकडच्या अँगलसी बेटावरची गुरं इथून पोहत नेत आणि माणसं होडीने जात. आरमाराची उंच शिडांची जहाजं खालून जायला हवीत म्हणून टेलफर्डने पूल १०० फूट उंच ठेवला, साखळ्यांवर टांगलेला. एप्रिल १८२५ मध्ये पहिली साखळी तराफ्यावरून आणून सुमारे दीडशे मजुरांनी वर ओढली. ३० जानेवारी १८२६ ला पूल खुला झाला. पलीकडे लानवायर गावात टेलफर्डचा अष्टकोनी टोलनाका उभा आहे, दरांच्या पाटीसह. तिथला टोल १८९५ पर्यंत चालला.

१८५० मध्ये रेल्वेचा ब्रिटानिया पूल झाला आणि टपाल रुळांवर गेलं. रस्ता ओस पडला, पण मोडला नाही. मोटारी आल्या तेव्हा त्याच चढावरून धावू लागल्या. घोड्याचा दम मोजून केलेली आखणी ट्रकलाही पुरली. निविदेच्या घाईत आखणीचेच दिवस आधी कापणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहावं. डांबर दर काही वर्षांनी नवं टाकता येतं. चुकलेला चढ मात्र पुढच्या कित्येक पिढ्या चढत राहतात. तरुण अभियंत्यांना माझं सांगणं एवढंच: मेनाईचा पूल जरूर पाहा, पण आधी नांट फ्रँकनमध्ये उतरा आणि तो उतार पायांनी चाला.