धुराडे साफ करताना

१८८० च्या उन्हाळ्यात व्हिएन्नातील एकवीस वर्षांची बर्टा पापेनहाइम आजारी वडिलांच्या उशाशी रात्रीच्या रात्री जागत होती. पुढील काही महिन्यांत तिला खोकला जडला, उजवे हातपाय लुळे पडले, दृष्टी बिघडली आणि मातृभाषा जर्मन असूनही ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. एप्रिल १८८१ मध्ये वडील गेले, तेव्हा तिची अवस्था अधिकच खालावली. वैद्यकाजवळ या साऱ्यासाठी 'हिस्टेरिया' हा एकच शब्द होता.

डॉक्टर योसेफ ब्रॉयर यांनी मात्र तिचे ऐकून घेतले. संध्याकाळी तंद्रीत ती गोष्टी सांगे आणि सांगून झाल्यावर शांत होई. कित्येक दिवस तिला पाणी गिळवत नव्हते. एकदा तंद्रीत तिने आपल्या इंग्रज सोबतिणीच्या कुत्र्याने पेल्यातून पाणी प्यायल्याची किळस बोलून दाखवली आणि लगेच पाणी मागितले. या पद्धतीला 'टॉकिंग क्युअर' हे नाव तिनेच दिले. थट्टेने ती याला धुराडे साफ करणे म्हणे. एका शास्त्राचे बारसे रुग्णाने करावे, हे विलक्षणच.

पण काजळी आली कोठून? भाऊ विद्यापीठात गेला. हिचे शिक्षण सोळाव्या वर्षी आटोपले. तल्लख बुद्धीला उरली ती दिवास्वप्ने, तिच्या शब्दांत 'खाजगी नाट्यगृह'. हे ब्रॉयरनेही नोंदवले आहे. मला ही नोंद साऱ्या लक्षणांहून महत्त्वाची वाटते.

१८९५ मध्ये ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या ग्रंथात 'ॲना ओ.' या नावाने ती बरी झालेली दिसते. १९७० च्या दशकात क्रॉइत्सलिंगेनच्या आरोग्यधामातील कागद उजेडात आले, तेव्हा कळले की जुलै १८८२ मध्येच ती तेथे दाखल झाली होती, मॉर्फिनच्या आहारी गेलेली. यावरून काही टीकाकारांनी सारा प्रकारच बनावट ठरवला. हा निवाडा घाईचा आहे. बोलल्याने मिळालेला त्या संध्याकाळचा विसावा खरा होता. पूर्ण आरोग्याचा दावा खोटा होता. पुढे फ्रँकफुर्टमध्ये तिने अनाथ मुलींसाठी काम केले, १८९९ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टचा स्त्रीहक्कांवरील ग्रंथ जर्मनमध्ये आणला, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभारली.

त्या आरोग्यधामाच्या कागदांत तिने स्वतः लिहिलेला एक वृत्तान्तही आहे. आपली जर्मन भाषा कशी हरपते, हे ती त्यात इंग्रजीतून सांगते.